प्रवाळ किती वेगाने वाढतं? एका न छापलेल्या प्रबंधाची गोष्ट

सांगोल्यात डाळिंबाची बाग बघितलेल्या माणसाला गुटी कलम समजावून सांगावं लागत नाही. फांदीची साल गोल काढायची, त्यावर ओलं शेवाळ बांधायचं, मुळं फुटली की कापून वेगळं लावायचं. फांद्या फुटणारी दगडी प्रवाळं मत्स्यालयात साधारण अशीच वाढवतात. टोक तोडून दगडाला चिकटवतात आणि वाट बघतात. फरक इतकाच की हे झाड नाही, प्राण्यांची वसाहत आहे.

पण ती किती वेगाने वाढते? या साध्या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात चांगलाच गोंधळ होता. तांबड्या समुद्रात काम केलेल्या एरेनबर्ग यांना तिथली मोठी प्रवाळं इतकी जुनी वाटली, की त्यातली काही फॅरोनेही पाहिली असतील असं त्यांचं मत होतं. म्हणजे वाढ अगदी मंद.

उलट बाजूचा पुरावा एका विद्यार्थ्याकडे होता. डॉ. अ‍ॅलन यांनी डिसेंबर 1830 मध्ये मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर वीस जातींची प्रवाळं खडकावरून काढली. प्रत्येक तुकडा दहा पौंडांचा, म्हणजे साडेचार किलोचा. ओहोटीला तीन फूट पाणी राहील अशा वाळूवर त्यांनी ते खुंट्या मारून लावले. पुढच्या जुलैत बघतात तर ते जवळपास ओहोटीच्या पातळीपर्यंत आलेले आणि काही फूट लांब झालेले! हे सगळं त्यांच्या हस्तलिखित प्रबंधात होतं आणि तो एडिंबरा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून होता. एका परिचिताने त्यातले उतारे डार्विनला दिले, डार्विनने ते 1842 च्या प्रवाळांवरच्या पुस्तकात घेतले, म्हणून आज आपल्याला अ‍ॅलन माहीत आहेत.

मग खरं कोण? इथे जरा थांबा. एरेनबर्ग भरीव, गोलसर प्रवाळांबद्दल बोलत होते. अशी प्रवाळं वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. अ‍ॅक्रोपोरासारखी फांद्यांची प्रवाळं दहा सेंटिमीटर किंवा जास्तही वाढतात. दोघं 'प्रवाळ' हा एकच शब्द वापरत होते, मोजत होते वेगळ्याच गोष्टी. अर्थात सात महिन्यांत काही फूट हे आजच्या मोजमापांपुढेही फारच जास्त वाटतं. म्हणून अ‍ॅलनचा आकडा जसाच्या तसा उचलू नका.

वेग कशामुळे, हे कळायला आणखी शंभर वर्षं गेली. 1959 मध्ये थॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवलं की उजेडात सांगाडा कितीतरी जलद तयार होतो. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं प्रकाशात अन्न बनवतात, त्यावर हे काम चालतं. गंमत म्हणजे वाढणारं टोक पांढरट असतं. तिथे शैवालं कमी असतात आणि अन्न खालून येतं.

1980 च्या दशकात बर्लिनच्या हौशी लोकांनी तेच घरात करून दाखवलं: जिवंत खडक, प्रखर दिवे, फेसातून घाण काढणारं यंत्र आणि लिटरमागे 400 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. डीट्रिश श्ट्यूबर यांच्या टाकीतल्या अ‍ॅक्रोपोराचे तुकडे कलमांसारखे हातोहात पसरले.

आता 'चला, आपणही टाकी लावू' म्हणण्याआधी ऐका. भारतात दगडी प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये वाघाइतकंच संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रातला तुकडा पिशवीत घालून आणणं हा गुन्हा आहे. संशोधनालाही आधी परवानगी लागते.

तर आराखडा लिहिताना तीन गोष्टी तपासा. तुमच्या मुख्य शब्दात दोन वेगळ्या गोष्टी तर लपलेल्या नाहीत ना? उचललेला आकडा मुळात कुणी, कुठे, किती दिवस मोजला? आणि विद्यापीठाच्या कपाटातले जुने प्रबंध तुम्ही उघडून बघितलेत का? अ‍ॅलनचा प्रबंध कुणीतरी उघडला होता, हे विसरू नका.