वात की रक्त

गुडघा धरला की आमच्या बीडकडं एकच निदान: वात. ‘आमवात’ हा शब्द माधवनिदान या आयुर्वेदाच्या ग्रंथाइतका जुना, म्हणून शंकाही येत नाही. अंबाजोगाईत मी प्रयोगशाळेत होतो तेव्हा ऊसतोड कामगाराचं पोरगं आलं, महिनाभर मालिश झालेलं. बोटाला टोचलं, काचेवर थेंब ओढला, लीशमन रंग टाकला. भिंगाखाली मोठ्या केंद्रकांच्या कच्च्या पेशी. रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया; अस्थिमज्जा दाटल्यानं हाडं ठणकत होती. उलटंही घडलंय: १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. हारग्रेव्ह्ज अस्थिमज्जा तपासत होते, आणि हाती लागली ल्युपसची, म्हणजे संधिवाताच्याच घराण्यातल्या आजाराची, एलई पेशी. ल्युपसमध्येही रक्तपेशी घटतात, गाठी सुजतात. म्हणून मी डॉक्टरांना विनवायचो, “साहेब, स्टिरॉइडच्या आधी काच बघू द्या.” त्या गोळ्यांनी ल्युकेमियाही काही दिवस झाकला जातो. पोराची आई काचेकडं बघत म्हणाली, “एवढ्याशा थेंबात कळलं व्हय?”