विद्यापीठाची दोन दारे

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम एक वास्तू उभी राहते. दगडी कमानी, उंच मनोरा, ग्रंथांनी भरलेली दालने. परंतु १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे आपल्या देशातील पहिली आधुनिक विद्यापीठे स्थापन झाली तेव्हा त्यांना अशा वास्तूची फारशी गरजच नव्हती, कारण ती शिकवीत नसत. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे. विद्यापीठाने परीक्षा घ्यावयाची आणि पदवी द्यावयाची. मुंबईचा राजाबाई मनोरा पुरा झाला तो १८७८ साली, म्हणजे विद्यापीठ पदव्या वाटू लागल्यावर कितीतरी वर्षांनी.

विद्यापीठाला एक नव्हे, दोन दारे असतात, हे या जुन्या व्यवस्थेवरून ध्यानात येते. एका दारातून विद्या मिळते, दुसऱ्यातून तिच्यावर मुद्रा उमटते. विद्यापीठे सर्वांना खुली करण्याचा जो इतिहास गेल्या दीडशे वर्षांत घडला, तो पुष्कळसा या दोन दारांचा इतिहास आहे. आज आंतरजालामुळे उच्च शिक्षण घरोघरी पोहोचले असे आपण ऐकतो. त्यावर विचार करताना कोणते दार उघडले आणि कोणते बंद राहिले, हे पाहणे अगत्याचे आहे.

आपल्या तिन्ही विद्यापीठांचा नमुना लंडनचा होता. १८३६ साली स्थापन झालेल्या लंडन विद्यापीठाची अट अशी की, परीक्षेस बसणाऱ्याने संलग्न महाविद्यालयात शिकल्याचा दाखला आणला पाहिजे. आपण ही अट उचलली. गंमत अशी की पुढच्याच वर्षी, १८५८ साली, लंडनने ती आपल्यापुरती सोडून दिली! वैद्यकाखेरीज इतर परीक्षांना कोणीही, कोठेही, कसेही शिकून बसावे, अशी मुभा तेथे मिळाली. आपल्याकडे मात्र टाकून दिलेला अंगरखा चांगला जपून ठेवण्यात आला. महाविद्यालयाचा उंबरठा न ओलांडणाऱ्याला परीक्षेचा उंबरठाही बंद, हा आपला नियम पुढे दीर्घकाळ टिकला.

लंडनने मुद्रेचे दार उघडले, तर केंब्रिजच्या जेम्स स्टुअर्ट यांनी विद्येचे. १८६७ साली या तरुण अध्यापकाने उत्तर इंग्लंडच्या शहरांत स्त्रियांसाठी व्याख्याने देण्यास आरंभ केला. परक्या पुरुषाशी स्त्रियांनी तोंडी प्रश्नोत्तरे करणे तेव्हा प्रशस्त मानीत नसत. म्हणून त्यांनी प्रश्न छापून द्यावयाचे आणि उत्तरे लेखी मागवावयाची अशी तोड काढली. संकोचातून निघालेली ही युक्ती पुढे पत्रद्वारा शिक्षणाचा प्राण ठरली. रॉचडेलच्या कामगारांपुढे बोलताना त्यांच्या आकृत्या भिंतीवर तशाच राहिल्या, त्या पाहून श्रोत्यांनी शंका विचारण्यासाठी वेगळी बैठक मागितली, आणि व्याख्यानाला वर्गाची जोड मिळाली. १८७३ मध्ये केंब्रिजने हे काम अंगावर घेतले. मात्र या वर्गांत बसलेल्या गिरणी-कामगाराला केंब्रिजची पदवी मिळाली नाही.

दोन्ही दारे एकदम उघडण्याचा मोठा प्रयोग त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी झाला. १९६३ साली ग्लासगो येथील भाषणात हॅरॉल्ड विल्सन यांनी 'आकाशातील विद्यापीठा'ची कल्पना मांडली आणि जेनी ली या खाणकामगाराच्या कन्येने, मंत्रिपदावरून, ती तडीस नेली. १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत सुमारे चोवीस हजार विद्यार्थ्यांसह मुक्त विद्यापीठ सुरू झाले. पूर्वशिक्षणाची अट नाही. पण पदवीची कसोटी इतर विद्यापीठांहून रतिभरही हलकी असता कामा नये, असा जेनी लींचा आग्रह होता. आकाशवाणीवरून हे बोलताना मला एक कबुली दिली पाहिजे. ध्वनिक्षेपण हा त्या विद्यापीठाचा मुख्य आधार नव्हताच. मुख्य आधार होता टपालाने येणाऱ्या पाठांचा, विद्यार्थ्याची उत्तरे तपासून त्यावर चार ओळी लिहिणाऱ्या शिक्षकाचा आणि उन्हाळी वर्गांचा.

आपल्याकडे १९६१ मध्ये डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या समितीने पत्रद्वारा शिक्षणाचा विचार केला आणि १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने ते सुरू केले. १९८२ साली हैदराबादला देशातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ साली दिल्लीला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. नाशिकच्या विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला, ही मला त्याची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. मी स्वतः एम.ए. झालो तो नोकरी सांभाळून, बहिःस्थ विद्यार्थी म्हणून. पाठांचे एक पुडके परीक्षा झाल्यावर माझ्या हाती पडले होते, ते अजून न उघडलेले आहे.

२००१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेने आपल्या सर्व अभ्यासक्रमांचे साहित्य आंतरजालावर विनामूल्य ठेवण्याचे जाहीर केले. आपल्या तंत्रविद्या संस्थांनी व बंगलोरच्या विज्ञान संस्थेने २००३ पासून तोच मार्ग धरला. कोणत्याही गावच्या विद्यार्थ्याला मद्रासच्या किंवा खरगपूरच्या प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकता येऊ लागले. विद्येचे दार इतके सताड पूर्वी कधीच उघडले नव्हते. २०१२ साली विद्युन्मंडलांच्या एका अभ्यासक्रमास एक लक्ष पंचावन्न हजार लोकांनी नावे नोंदविली आणि ७,१५७ जणांनी तो पुरा केला. गळती एवढी मोठी, म्हणून टीकाकारांनी नाके मुरडली. मला हिशेब वेगळा दिसतो. दरवर्षी शंभरांचा एक वर्ग धरला, तर तितकी माणसे शिकवून बाहेर काढण्यास प्राध्यापकाला सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला असता.

मुद्रेचे दार मात्र किलकिलेच राहिले. 'स्वयम्' ही शासकीय योजना २०१७ साली राष्ट्राला अर्पण झाली. तिच्या अभ्यासक्रमांचे गुण पदवीत धरण्याची परवानगी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांनी वीस टक्क्यांपर्यंत आणि २०२१ च्या नियमांनी चाळीस टक्क्यांपर्यंत दिली. परंतु हा लाभ कोणाला? जो आधीच एखाद्या विद्यापीठात दाखल आहे त्याला. बाहेर उभा असलेला बाहेरच. १८५७ सालचा दाखला येथे वेगळ्या वेषात भेटतो.

माझ्या कार्यालयात एक कनिष्ठ लिपिक आहेत. बारावीनंतर घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण सुटले. रात्री घरची निजानीज झाल्यावर दूरध्वनीच्या चिमुकल्या पडद्यावर व्याख्याने ऐकून त्यांनी हिशेबशास्त्राचे तीन अभ्यासक्रम पुरे केले, दर वेळी रविवारी दुसऱ्या गावच्या केंद्रावर जाऊन परीक्षा दिली. प्रमाणपत्रांची नोंद सेवापुस्तकात व्हावी आणि बढतीच्या वेळी ती विचारात घ्यावी, असा त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आला. पदवीऐवजी असे प्रमाणपत्र धरण्याची तरतूद नियमांत नाही, अशी टिपणी मी लिहिली. ती बरोबर होती, आजही तशीच लिहावी लागेल. पण तो कागद त्यांच्याकडे परत गेला तेव्हा ते "ठीक आहे, साहेब" म्हणाले, आणि दुपारपर्यंत मला दुसऱ्या कामात लक्ष घालता आले नाही.

मद्रासच्या तंत्रविद्या संस्थेने २०२० साली विदाशास्त्राचा जो अभ्यासक्रम सुरू केला, त्याने ही कोंडी काही अंशी फोडली आहे. प्रवेशासाठी ती प्रसिद्ध, जीवघेणी स्पर्धा-परीक्षा नाही. चार आठवडे शिकावयाचे, त्याच शिकलेल्यावर केंद्रात जाऊन पात्रता-परीक्षा द्यावयाची, आणि उत्तीर्ण झाल्यास आत यावयाचे. शिक्षण घरी, परीक्षा समक्ष, आणि शेवटी पदवी त्याच संस्थेची. शुल्क थोडे नाही. मात्र उत्पन्नानुसार सवलती आहेत.

या अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक मी त्या गृहस्थांना दिले. त्यांनी तेथेच उभ्याउभ्या पाठकोऱ्या कागदावर शुल्काचा हिशेब मांडला, दहावीचे गणित आता कितपत आठवते हे स्वतःशीच पुटपुटले आणि कागद घडी करून खिशात घातला. त्याला आता तीन महिने झाले.