मुक्काम करत आप्तांच्या गावी

सायकलवर दोन-तीन दिवस मुक्काम करत नातलगांकडे जाणे इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेकांना शक्य झाले. त्याआधीची पुढे भलेमोठे चाक असलेली सायकल धाडसी तरुणांपुरतीच होती; खड्ड्यात चाक अडकले की स्वार तोंडघशी पडे. कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये साखळीवर चालणारी, बुटकी ‘रोव्हर’ आणली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर बनवला आणि पाठीचे हाल थांबले. आगगाडी स्थानकापर्यंतच नेई, सायकल थेट मामाच्या अंगणात.

खरा प्रश्न रात्रीच्या निवाऱ्याचा होता. १८७८ मध्ये हॅरोगेटला स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या क्लबने, पुढच्या ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ने, खाणावळींशी सभासदांसाठी दर ठरवले; पंख असलेल्या चाकाची पाटी दिसली की सोय आहे असे समजावे. तीव्र उतारांवर धोक्याचे फलकही क्लबने लावले. मात्र पाटी असूनही आदरातिथ्याची हमी नसे. १८९८ मध्ये सरे परगण्यातील ऑकमच्या हॉटेलात सायकलस्वार लेडी हार्बर्टन यांना केवळ विजारीसारख्या पोशाखामुळे कॉफीच्या दालनात प्रवेश नाकारला गेला. क्लबने हॉटेलच्या मालकिणीवर खटला भरला. ज्यूरीने तिला निर्दोष ठरवले. स्त्रीने एकटीने माहेरी सायकलने जाणे अशा काळात किती अवघड असेल, हे यावरून कळते.

१९३० च्या दशकात युवा वसतिगृहांत एका शिलिंगात रात्र काढता येऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, तशी ही पद्धत हौशी लोकांपुरती उरली.