काचेतला निखारा
१९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंगने निर्वात काचेचा व्हॉल्व्ह सिद्ध केला. थोड्याच वर्षांत अमेरिकेच्या ली डी फॉरेस्टने त्यात जाळी बसवली अन् क्षीण आवाज मोठा होऊ लागला. १९४७ साली ट्रान्झिस्टर आला, पुढे रेडिओतले व्हॉल्व्ह गेले. गिटारवाल्यांनी मात्र ते सोडले नाहीत. जोर दिला की त्यांचा स्वर गोड फाटतो ना! १९६२ साली लंडनच्या जिम मार्शलच्या अ‍ॅम्प्लिफायरातही तेच होते.

असे यंत्र तुमच्यापाशी असेल, तर ते चालू असताना पेन्सिलीने व्हॉल्व्हला हळूच टिचकी द्या. कर्ण्यातून टणत्कार आला, तर तो बदला. आतला पत्रा लालबुंद दिसला, तर बटण लगेच बंद! पण बंद केले म्हणून आत हात घालू नका बरे. कपॅसिटरांत शेकडो व्होल्ट दडून असतात. ते जाणकाराकडूनच उतरवून घ्या. निखारा विझला, तरी राख भाजतेच.