स्वसंरक्षणार्थ शस्त्रपरवाना

स्वतःच्या जीवित-मालमत्तेच्या रक्षणासाठी अग्निशस्त्र बाळगण्याची नागरिकाला मिळणारी शासकीय परवानगी. ती शस्त्र अधिनियम, १९५९ (अंमल १ ऑक्टोबर १९६२) व शस्त्र नियम, २०१६ यांखाली दिली जाते. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये मान्य आहे. मात्र आवश्यकतेहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही.

परवाना-प्राधिकारी : उदा., सोलापूर शहरात पोलीस आयुक्त. चिंचोळी एमआयडीसी आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर असल्याने तेथील कारखानदाराचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो व ग्रामीण पोलिसांचा अहवाल मागवला जातो. किमान वय २१. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. नकाराविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येते.

शस्त्राचे स्वरूप व मॅगझिन : कायद्याचा भर बोअर, यंत्रणा आणि नळीची लांबी यांवर आहे. चाप दाबून धरल्यास मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतील असे शस्त्र ‘प्रतिबंधित’ ठरते. ९ मिमी किंवा .३०३ यांसारखी सैनिकी काडतुसे चालणारी शस्त्रेही सामान्य अर्जदाराच्या आवाक्याबाहेर राहतात. त्याला प्रायः बाराबोअर बंदूक किंवा .३२ रिव्हॉल्व्हर मिळते. दुनळीत दोन काडतुसे बसतात, कानपूरच्या आयुधनिर्माणीतील .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये सहा. पीकरक्षणाची ठासणीची बंदूक प्रत्येक बार उडवल्यावर पुन्हा भरावी लागते. जवळ किती काडतुसे ठेवावीत हे परवान्यावर नमूद असते.

संजय दत्त खटला : मोठ्या क्षमतेच्या शस्त्रासाठी स्वसंरक्षणाचे कारण पुढे आलेला महाराष्ट्रातील सर्वांत परिचित खटला. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींच्या काळात कुटुंबाच्या सुरक्षेसाठी शस्त्र घेतल्याचे अभिनेत्याच्या बाजूने सांगण्यात आले. ते शस्त्र म्हणजे एके-५६ रायफल. अशा रायफलीच्या नेहमीच्या मॅगझिनमध्ये ३० काडतुसे मावतात. विशेष टाडा न्यायालयाने दहशतवादाच्या आरोपांतून त्याला मुक्त केले, परंतु शस्त्र अधिनियमाखाली दोषी धरून २००७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा दिली. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा पाच वर्षांवर आणली. येरवडा कारागृहातून २५ फेब्रुवारी २०१६ रोजी सुटका झाली.

मतभेद : अमेरिकेत दहाहून अधिक काडतुसांच्या नव्या मॅगझिनांवर १९९४ ते २००४ या काळात संघीय बंदी होती; एकाहून अधिक हल्लेखोर आल्यास दहा गोळ्या पुरतील का, यावर तेथे अजून वाद आहे. भारतात वाद त्याआधीच्या पायरीवर अडतो : अर्जदाराच्या जिवाला खरोखर धोका आहे का, आणि तो कोणी ठरवायचा. परवाना प्रतिष्ठेसाठी मागितला जातो, असाही आक्षेप घेतला जातो.

निवडणूककाळ : छाननी समितीच्या निर्णयानुसार परवानाधारकांची शस्त्रे जमा करून घेतली जातात.

गावठी कट्टे : परवान्याच्या कक्षेबाहेर; शिक्षा कलम २५ खाली.