लाईट आल्यानंतरचे साडेबारा तास

कसाऱ्यातली ही पतसंस्था मी रचलेली आहे, पण तिथे जे बिघडतं ते खरोखर असंच बिघडतं. सातबारा, कर्जरोखे, जामीनदारांचे कागद यांचे स्कॅन मागच्या खोलीतल्या स्टोरेजच्या पेटीत असतात. सर्व्हर ती पेटी आपल्या ‘दप्तर’ फोल्डरला जोडून घेतो आणि टेबलांवरच्या कॉम्प्युटरना ते फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून दिसतं. रोज रात्री त्याची नक्कल एका बाहेरच्या डिस्कवर उतरते.

संध्याकाळी ६.४०. उरले १७ तास.
जुलैचा पाऊस, घाटात विजा. लाईट जाते. त्यासाठी कसाराच हवं असंही नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली आणि मुंबई विद्यापीठाला ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या.

७.२०. यूपीएसची बॅटरी संपते. पेटी आणि सर्व्हर दोन्ही धाडकन बंद.

रात्री ११.१०. उरले साडेबारा तास.
लाईट येते. खरा घोळ इथून सुरू होतो. सर्व्हर मिनिटभरात उठतो. पेटी नीट बंद झाली नव्हती म्हणून आधी आपल्या डिस्का तपासत बसते. तिला सहा मिनिटं लागतात. सर्व्हर दीड मिनिट वाट बघतो आणि नाद सोडतो. काय कुठे जोडायचं ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमधल्या पेटीच्या ओळीत कुणीतरी ‘नोफेल’ लिहून ठेवलंय, म्हणजे जोडणी झाली नाही तरी पुढे चल. हेतू चांगलाच होता, नाहीतर सर्व्हर तिथेच अडकून पडू शकला असता. पण आता ‘दप्तर’ जागेवर आहे आणि आत काही नाही. पेटी उठते तेव्हा तिला विचारायला कुणी येत नाही. ‘ऑटोमाउंट’ लावलं असतं तर फोल्डर उघडताक्षणी सर्व्हरने पुन्हा प्रयत्न केला असता.

पहाटे २.००. उरले ९ तास ४० मिनिटं.
रोजची नक्कल उतरवणारा आरसिंक हा प्रोग्रॅम ठरल्या वेळी जागा होतो. त्याला ‘डिलीट’ सांगून ठेवलंय: मूळ जागी जे नाही ते नकलेतूनही काढ. वाचताना चूक आली तर तो पुसणं थांबवतो; पण रिकामं फोल्डर ही चूक नव्हे. बाहेरची डिस्क साफ. नोंदीत मात्र ‘यशस्वी’. पुसण्याआधी ‘माउंटपॉइंट’ या आज्ञेने जोडणी तपासणारी एक ओळ त्या स्क्रिप्टमध्ये असती तर गोष्ट इथेच संपली असती.

सकाळी १०.१५. क्लार्क ताई झेड उघडतात.

१०.३०. “दादा, झेडमध्ये काहीच नाही ओ.”
कॉम्प्युटरचं काम बघणारे दादा कल्याणला. लोकल धरून यायचं तर सव्वा तास. “ताई, घाबरू नका. रात्रीचा बॅकअप झालाय ना? यशस्वी लिहिलंय ना? मग मी सांगतो तसं सर्व्हरवर ‘परत भरा’ ही स्क्रिप्ट चालवा.”
बॅकअपच्या डिस्कवर काय आहे ते दोघांपैकी कुणीच उघडून बघत नाही. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला दोष इथे आहे. आधीचं सगळं निस्तरता आलं असतं. पेटीत अजून प्रत्येक कागद शाबूत होता.

११.४०. उरलं शून्य.
‘परत भरा’ची पहिली ओळ म्हणते, सगळ्या जोडण्या करून घे. पेटी जोडली जाते, सगळे स्कॅन झेडमध्ये परत येतात. इथेच थांबलं असतं तर चहा मागवून काम सुरू. पण दुसरी ओळ बॅकअपची डिस्क पेटीवर तंतोतंत उतरवते आणि डिस्क रिकामी आहे.

११.४३. पेटीही रिकामी.

हे फक्त छोट्या गावाचं दुखणं नाही. क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर डिसेंबर २०२१ मध्ये बॅकअपच्याच प्रोग्रॅमने ७७ टेराबाइट माहिती पुसली, सुमारे ३.४ कोटी फाइल गेल्या. तिथेही पुसायची आज्ञा नको त्या जागी चालली.

तुमच्या कचेरीत असा सर्व्हर असेल तर येत्या शनिवारी काम संपल्यावर, बॅकअपची एक प्रत काढून बाजूला ठेवून, सर्व्हर आणि पेटी मुद्दाम बंद करून आधी सर्व्हर आणि सहा मिनिटांनी पेटी चालू करा. मग झेड उघडा. रिकामा दिसला तर रात्रीचा बॅकअप आधी थांबवा आणि त्यानंतरच फोन लावा.