बुर्जी : आपल्या जुन्या बुद्धिबळातली बरोबरी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी जुने काहीतरी लिहा, असे कमिटीने सांगितले. म्हणून आपल्या इमारतींपेक्षा पुष्कळ जुना विषय घेतो : बुद्धिबळाचा डाव बरोबरीत कधी सुटतो?

आमच्या पिढीने होटगीत, पारावर बसून जो डाव शिकला, तो देशी. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जायचे. शह बसण्याआधी राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळायची. आणि मुख्य म्हणजे, समोरच्याचा नुसता राजा उरला की डाव 'बुर्जी', म्हणजे बरोबरी. मग तुमच्याकडे वजीर आणि दोन हत्ती का असेनात! त्यामुळे जिंकत आलेला खेळाडू समोरच्याचे शेवटचे प्यादे स्वतःच्या प्याद्यासारखे जपायचा. समोरच्याला पार नागवले की हातचा डाव गेलाच. प्याद्याने दिलेली मात सर्वांत मानाची.

हा खेळ भारतातून इराणमार्गे अरबांकडे गेला. तिथल्या शतरंजमध्ये नेमके उलट : राजा एकटा पडला की तो हरला. मात्र त्याने लगेच पुढच्या चालीत समोरचाही राजा एकटा पाडला, तर बहुतेक ठिकाणी बरोबरी धरत. युरोपात तिसरीच रीत रुजली : एकटा राजा उरला तरी डाव चालू, मात करून दाखवा.

आजचा फिडेचा नियम याच रीतीतला. नियमाला धरून कशाही चाली केल्या तरी कोणालाच मात होणे शक्य नसेल, तर डाव तिथेच बरोबरीत संपतो. राजाविरुद्ध राजा, किंवा एकट्या राजाविरुद्ध राजा आणि एकच उंट किंवा एकच घोडा, हे असे डाव. एक हत्ती असेल तर मात होते. दोन घोड्यांनी जबरदस्तीने मात करता येत नाही, पण समोरचा चुकला तर होते. म्हणून तो डाव आपोआप संपत नाही.

आपल्याकडे ही युरोपीय पद्धत जुनीच आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या संस्कृत ग्रंथाचे, त्या पद्धतीला जुळवून घेतलेले इंग्रजी पुस्तक मुंबईत १८१४ साली छापले गेले, तेव्हा पेशवाई अजून होती. तरी घरोघरी देशी डाव पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकला. पंजाबचा मीर सुलतान खान देशी डावावरच वाढला आणि १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश विजेता झाला.

मागच्या गणपतीत आपल्या स्पर्धेत एक आजोबा 'बुर्जी झाली' म्हणून उठले आणि समोरचा सातवीतला मुलगा 'माझे दोन हत्ती आहेत, मी जिंकतोय' म्हणून रडकुंडीला आला. पुढे दोन्ही घरांत चार दिवस अबोला होता. खरे तर दोघेही आपापल्या नियमाने बरोबर होते. होटगी जंक्शनवर पूर्वी दोन गेज होते. मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजवर चालत नाही, यात डब्याचा काय दोष?

कमिटीला एकच विनंती. स्पर्धा फिडेच्या नियमांनीच घ्या, आणि ते पहिल्या चालीआधी वाचून दाखवा. पण वर्षातून एक रविवार देशी डावालाही द्या. तो येणारे आपल्या सोसायटीत आता चार-पाचच उरलो आहोत. मुलांनो, आम्ही आहोत तोवर शिकून घ्या.